मीटिंगला गेलो आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?

"ताई, नमस्कार. वय ४६. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला गणित शिकवतो. चौदा वर्षं पितो आहे. 'पीत होतो' म्हणायचं का, ते अजून कळत नाही. आधी फक्त पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, शेवटी शेवटी रोज एक क्वार्टर घरी येताना आणि एक रात्री. दर वर्षी श्रावण पाळायचो, त्यामुळे मी व्यसनी नाही असं माझं म्हणणं असायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली आपणच बंद केली, तर दुसऱ्या दिवशी न्हाणीत फिट येऊन पडलो. पुढे महिनाभरात पुन्हा सुरू झाली. मग जिल्ह्याच्या गावी आठ दिवस ॲडमिट होतो. शेवटची घेतली त्याला आज २६ दिवस झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, 'आता ए.ए.च्या मीटिंगला जात जा.' ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. कुठे, कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या गावात असं काही नाही. जिल्ह्याला एका शाळेत भरते असं ऐकलंय, एसटीने सव्वा तास. पण ताई, सहाशे पोरांचे आईबाप मला ओळखतात. तिथे एखादा पालक बसलेला निघाला तर? शिवाय तिथे प्रार्थना म्हणतात म्हणे, आणि मी देवाधर्मातला नाही. थोरला भाऊ म्हणतो, माळ घाल, सगळं सुटेल. मेहुणा म्हणतो, असले ग्रुप गटारीत लोळणाऱ्यांचे, तू कशाला जातोस? मी काय करू?"

पत्राच्या तळाला, वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी आहेत: "मी यांची मिसेस. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. ते घरी आले की मी अजून रोज वास घेते. त्यांना कळतं, बोलत नाहीत. हे कधी थांबणार?"

सर,

सगळी शाळा म्हणते तसं मीही सरच म्हणते, चालेल ना?

तुमचं पत्र उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर आलंय, डावीकडे समास पाडून. त्यात २६ हा आकडा इतका गिरवलाय की मागच्या पानावर उमटलाय. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत तो पस्तिसाच्या पुढे गेला असेल असं धरून चालते. मध्ये एखाद्या संध्याकाळी घसरला असाल, तरी खालचं सगळं तुम्हाला लागू आहे, तेव्हा लाजून पान उलटू नका.

आधी ओळखीच्या माणसाचं बघू, कारण अडीच पानांतलं दीड पान तुम्ही त्यावरच खर्ची घातलंय.

गावाला तुमचं पिणं ठाऊक नाही, असं मनापासून वाटतं का हो तुम्हाला? पहिल्या तासाला बडीशेप चघळत येणारे सर पोरांना लगेच कळतात. दुकानदाराने क्वार्टर कितीही वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, तरी पिशवीत ती क्वार्टरसारखीच दिसते. चौदा वर्षांत गल्लीतल्या एकाही माणसाने ती पिशवी पाहिली नाही म्हणता? गावाला जे ठाऊक नाही ते एवढंच, की सरांनी सोडलीय. तेवढं कळलं तर कळू दे की.

राहिला मीटिंगमध्ये बसलेला तो पालक. तो तिथे कशाला आला असेल? पोराचे चाचणीचे मार्क विचारायला नक्की नाही. मी एका खुल्या, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगला गेले होते, तिथे एकाच बाकावर एक तलाठी आणि एक शेतकरी बसले होते. त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची वारसनोंद त्याच तलाठ्याने दोन महिने अडवून ठेवली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघंही खाली बघायला लागले. दीड तासात कामाचा विषय कुणी काढला नाही. नोंद पुढच्या आठवड्यात झाली, ती का झाली हे मी विचारलं नाही.

तिथला रिवाज असा, की इथे कोण दिसलं आणि इथे काय ऐकलं ते इथेच ठेवायचं. नुसतं पहिलं नाव सांगतात. आडनाव, गाव, नोकरी कुणी विचारत नाही. रजिस्टर नसतं, मस्टर नसतं, फोटो काढत नाहीत. रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला थोडं चुकल्यासारखं वाटेल, पण सवय होते. आता ही काही कोर्टातली शपथ नव्हे. शेवटी माणसंच ती, एखाद्याच्या तोंडून निघून जातंही. त्याची फार धास्ती असेल तर पहिले काही महिने जिल्ह्याच्या गावीच जा. एसटीचा जो सव्वा तास तुम्हाला अडचण वाटतोय, तोच सध्या तुमचा आडपडदा आहे.

आता मीटिंग शोधायची कशी? यात मी एकदा चांगलीच चुकलेली आहे, ते आधी सांगते.

अठरा वर्षं मी एका सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या रुग्णांसोबत समुपदेशक म्हणून काम केलं. माझ्या टेबलाच्या काचेखाली मीटिंगच्या पत्त्यांचा एक टाइप केलेला कागद होता. डिस्चार्जच्या दिवशी त्यातला जवळचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायचा की आपलं काम झालं, असा माझा समज. एक रंगकाम करणारा गृहस्थ होता. त्याला मी गुरुवारचा पत्ता दिला. तो दुपारीच काम सोडून घरी गेला, नखांतला रंग रॉकेलने काढला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सातच्या ठोक्याला शाळेच्या फाटकाशी हजर झाला. फाटकाला कुलूप. शाळेने परीक्षेमुळे वर्ग द्यायचे बंद केले होते आणि तो ग्रुप दोन महिन्यांपूर्वीच पलीकडच्या वस्तीतल्या समाजमंदिरात बसायला लागला होता. माझा कागद जुनाच. तो वीस मिनिटं थांबला. परतीच्या वाटेवर, कोपऱ्याला, परमिट रूम होती.

तीन आठवड्यांनी तो परत ॲडमिट झाला तेव्हा माझी चिठ्ठी अजून त्याच्या पाकिटात होती. चिडला नाही. "मॅडम, आत कुणी असतं तर मी आत गेलो असतो," एवढंच म्हणाला. त्या दिवशी काचेखालचा कागद काढला. तेव्हापासून मी कुणाला पत्ता देत नाही. माणूस देते.

तुम्हीही पत्ता मागू नका, माणूस मागा.

ज्या दवाखान्यात आठ दिवस राहिलात तिथे फोन करा. डॉक्टर भेटणार नाहीत, त्यांना मागूही नका. वॉर्डच्या सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षक यांना विचारा की तुमच्याकडून गेलेला आणि आता नियमाने मीटिंगला जाणारा कुणी आहे का. त्याचा नंबर त्या देणार नाहीत, देऊही नये. तुमचा नंबर त्याला द्या म्हणावं. निम्म्या वेळा त्याच संध्याकाळी फोन येतो. दुसरा रस्ता ए.ए.चाच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांनुसार मीटिंगा आणि त्या त्या भागाचे फोन नंबर दिलेले असतात, आणि त्या नंबरावर बोलणारा स्वतः एकेकाळी पिणारा, मग सोडलेला माणूस असतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट. रात्री दोन वाजता डोकं फिरायला लागलं तर १४४१६ लावा. ती टेलिमानस, मानसिक आरोग्याची, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पुण्याचं मुक्तांगण, जे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, त्यांचे पाठपुराव्याचे गट पुण्याबाहेरही चालतात. तुमच्या बाजूला सध्या कुठे आणि कधी, ते त्यांना फोनवर विचारा. मुंबई, वसई आणि गोव्याकडचे वाचक हे वाचत असतील तर फादर जो परेरांनी १९८१ साली वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन त्यांना जवळ पडेल.

फोनवर काय विचारायचं? वार आणि वेळ तर विचाराच, पण पुढचे प्रश्न जास्त महत्त्वाचे. या आठवड्यात नक्की आहे ना? शाळेच्या कुठल्या दाराने आत जायचं, कितव्या खोलीत? किल्ली कुणाकडे असते? आणि शेवटचा: "मी पहिल्यांदाच येतोय, कुणी एसटी स्टँडवर घ्यायला येईल का?" येईल. हा प्रश्न विचारायला जीभ अडखळेल, पण त्यांच्या दृष्टीने हे उपकार नसतात. नव्या माणसाला आणायला जाणं हे त्यांच्या स्वतःच्या औषधाचा भाग आहे.

विश्वास बसत नसेल तर हे सगळं सुरू कसं झालं ते ऐका. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारातला माणूस, बिल विल्सन, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी कामासाठी आला होता. पाच महिने त्याने घेतली नव्हती. सौदा फिसकटला, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीतल्या एकाला फोन लावला आणि विचारलं, की तुमच्या गावात एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. फोनावर फोन करता करता त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरांचे हात थरथरत होते. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं सांगून ते आले आणि सहा तास बसले. त्यांनी १० जून १९३५ ला शेवटची घेतली, तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन धरतात. भारतात ही गोष्ट १९५७ साली आली.

म्हणजे स्थानिक ग्रुप शोधणारा पहिला माणूस बिलच, आणि त्याच्यापाशी शोधायला ग्रुपच नव्हता. तुमचं काम त्या मानाने सोपं आहे.

पहिल्या मीटिंगला काय होईल ते सांगते, म्हणजे नवं वाटणार नाही. खोली बहुधा प्राथमिक शाळेची. भिंतीवर बाराखडी, फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या लिहिलेली. बाक तिसरी-चौथीच्या पोरांचे, गुडघे बाकाखाली मावत नाहीत, आडवं बसावं लागतं. तुम्ही आयुष्यभर फळ्याकडे पाठ करून उभे राहिलात, इथे तोंड फळ्याकडे. एक जण मीटिंग चालवतो, तोही पाळीपाळीने बदलतो. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण उठून बोलतो: "माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे." बाकीचे त्याला नमस्कार म्हणतात. तो पाच-दहा मिनिटं आपलं सांगतो आणि बसतो. त्याला कुणी उपदेश करत नाही, मध्ये तोडत नाही, "तुझं चुकलं" म्हणत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हणायचं, पुरे. पैशासाठी डबा किंवा पिशवी फिरते, नव्या माणसाने टाकलंच पाहिजे असं काही नाही. फी नाही, वर्गणी नाही, सरकारचं किंवा दारूच्या दुकानदाराचं अनुदान तर नाहीच. बाहेरच्या कुणाचा पैसा ते घेत नाहीत. आत यायला अट एकच: दारू सोडायची इच्छा असली पाहिजे. सोडलेली असली पाहिजे अशीही अट नाही.

आणि बहुधा पहिली मीटिंग तुम्हाला आवडणार नाही, हेही सांगून ठेवते. एखादा फार रडेल, एखादा बारा वर्षांपूर्वीची गोष्ट लांबण लावून सांगेल, एकाचा मोबाइल वाजेल. तुमच्यातला गणिताचा मास्तर मनात मार्क देत बसेल, मी यांच्याइतका वाईट नव्हतो, हा हिशेब मांडेल. मांडू दे. सहा वेळा जाऊन या आणि मग मत बनवा. मी पाहिलंय, पहिल्याच दिवशी भारावून जाणारे पुष्कळदा महिन्याभरात दिसेनासे होतात, आणि कोपऱ्यात कंटाळून बसलेला माणूस दहा वर्षांनी किल्ली सांभाळत असतो. ग्रुप निवडताना तो किती चांगला याच्यापेक्षा पावसाळ्यातल्या मंगळवारी, तीन तास सलग शिकवून घसा बसल्यावर, तुम्ही तिथे पोचाल का ते बघा.

कुठे मात्र थांबायचं नाही? जिथे प्रवेश फी मागतात, जिथे कुणी चूर्ण किंवा काढा विकतो, आणि जिथे कुणी म्हणतो की डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे पण नशाच, बंद करा. ए.ए.चं स्वतःचं सांगणं आहे की सदस्याने डॉक्टरकी करू नये. तुमच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमीजास्त करायची नाही.

हे सगळं उपयोगी पडतं कशावरून, असं तुमच्या विषयाचा माणूस विचारणारच. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने या विषयावरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, मिळून दहा हजारांच्या वर माणसं. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांनाच लागू पडतं असा याचा अर्थ होत नाही. पण फुकटच्या चहावर चालणाऱ्या गोष्टीच्या मानाने निकाल बरा आहे.

प्रार्थनेचं. होय, म्हणतात. दारू सोडण्यासाठी तिथे ज्या बारा पायऱ्या सांगतात त्यांमध्ये "आपल्यापेक्षा मोठी शक्ती" असा शब्द आहे आणि तो नास्तिकांच्या घशात अडकतो. मी पाहिलेल्या माणसांपैकी कुणासाठी ती शक्ती विठोबा होती, कुणासाठी येशू, आणि एका कट्टर कामगार कार्यकर्त्यासाठी ती "या खोलीत बसलेली अकरा माणसं" होती. माझ्या एकट्यापेक्षा अकरा जण मोठे, हे गणित तुम्हाला तरी अमान्य व्हायला नको. प्रार्थनेच्या वेळी उभं राहायचं आणि गप्प बसायचं, राष्ट्रगीत येत नसलेला पाहुणा उभा राहतो तसं. कुणी काही म्हणत नाही.

थोरल्या भावाला मात्र धुडकावू नका. आपल्याकडे माळेने अनेकांची सुटली आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती कशी काम करते याकडे बघा: माळकरी झालेला माणूस दर एकादशीला त्याच त्याच मंडळींत जाऊन बसतो, भजनात उभा राहतो, वारीला जातो. त्याची संध्याकाळ कुठे जायची ते ठरलेलं असतं आणि दिसला नाही तर दिंडीतलं कुणीतरी घरी येतं. तीही मीटिंगच झाली. अडचण होते ती नुसती माळ गळ्यात घालून भजनाला न जाणाऱ्याची. तुमचा देवावर विश्वास नाही, तेव्हा भावाच्या समाधानासाठी माळ घालू नका. एखाद्या दिवशी घसरलात तर दारूच्या जोडीला माळ तोडल्याचं पापही डोक्यावर बसेल, आणि त्या ओझ्याने माणूस आणखी पितो. भावाला सांगा, माझी एकादशी दर आठवड्याला मीटिंगच्या वारी असते.

मेहुण्यांसाठी एकच आकडा. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. उरलेले ३७ गटारीत नाहीत. ते कचेरीत, एसटीत, बँकेत आणि शाळेत आहेत. मेहुणे स्वतः घेत असतील तर या विषयावर त्यांच्याशी वाद घालू नका, आणि गटारी अमावस्येला त्यांच्याकडे जेवायलाही जाऊ नका.

श्रावणाबद्दल तुम्हाला आता माझ्याकडून ऐकायची गरज नसेल. महिनाभर बंद ठेवता येते आणि भाद्रपदाची वाट बघितली जाते, यातलं दुसरं वाक्य तुम्ही इतकी वर्षं सोडून देत होतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. उन्हाळ्यात तुम्हाला आली ती फिट काही अशक्तपणाची नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की शेवटच्या पेल्यानंतरच्या साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, माणूस काळवेळ विसरतो. यात जीव जातो. ज्याला एकदा असं झालंय त्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त. म्हणून समजा पुढे कधी घसरलात आणि चार-आठ दिवस रोज प्यायलात, तर लाजेने खोलीत कोंडून घेऊन आपली आपण बंद करू नका. थेट दवाखाना. मीटिंग त्याच्या नंतर. ग्रुप माणसाला सोबर ठेवतो, शरीरातून दारू काढायचं काम डॉक्टरांचं.

याच ओघात: डॉक्टरांनी दारू घेतली की त्रास होतो अशी गोळी, डायसल्फिराम, दिली असेल तर घरातली आसवं-अरिष्टं आणि खोकल्याची औषधं एकदा त्यांना दाखवून घ्या. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत मद्यार्क तयार झालेला असतोच. अंगाला लालसर चट्टे, धडधड, उलट्या, हे त्यानेही होऊ शकतं. आणि गोळी नसली, तरी जिभेला ती चव पुन्हा कशाला दाखवायची?

आता पेन्सिलीतल्या चार ओळींकडे. सर, इथून पुढचं वहिनींसाठी आहे, तुम्ही वाचलंत तरी चालेल.

वहिनी, तुम्ही पत्र फोडून लिहिलंत ते फार बरं केलंत. वास घेणं कधी थांबेल? उद्यापासून थांबणार नाही. चौदा वर्षं तुमचं नाक पहाऱ्यावर होतं. स्कूटरचा आवाज कसा आला, चपला कशा काढल्या, पहिलं वाक्य कुठल्या सुरात बोलले, यावरून रात्र कशी जाणार ते तुम्ही ओळखत होतात. ते डोक्यात इतकं मुरलंय की २६ दिवसांत कसं जाईल? तुम्ही वाईट बायको नाही आणि संशयीही नाही. तेवढं करा, की लपूनछपून घेऊ नका. एकदा बसून सांगा: "मला अजून भीती वाटते, म्हणून मी जवळ येऊन बघते." चोरून वास घेतला की त्यांना आरोप वाटतो, सांगून घेतला की तो तुमचा आजार आहे हे त्यांना कळतं. आणि कुणी "चहात पावडर मिसळा, कळणार पण नाही" म्हणून काही आणून दिलं, तर ते सरळ कचऱ्यात. त्यात बऱ्याचदा वर सांगितलेलं तेच औषध असतं. न सांगता दिलं आणि माणूस बाहेर प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

तुमच्यासाठीही मीटिंगा असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मघाच्या त्या बिलची बायको लोइस. नवरा सोबर झाला, रोज मीटिंगला जायला लागला. एकदा तो म्हणाला, चल लवकर, उशीर होतोय, तर तिने रागाने बूट काढून फेकला. इतकी वर्षं मी जीव काढला तेव्हा सुटली नाही आणि ही परकी माणसं दोन दिवसांत सोडवतात, हा तो राग. तुम्हालाही येईल, आला तर दचकू नका. १९५१ साली तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने घरच्या माणसांसाठी वेगळी संघटना काढली, अल-ॲनॉन. आपल्याकडे मोठ्या गावांत त्यांच्या मीटिंगा भरतात, फोनवरूनही होतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी नावाचा गट आहे. ए.ए.चा जो माणूस सरांना फोन करेल, त्याला विचारा की तुमच्या मिसेस कुठे जातात. त्याला ठाऊक असतं. शिवाय ए.ए.च्या काही मीटिंगा खुल्या असतात, म्हणजे घरच्यांनाही बसता येतं. पहिल्या वेळी दोघं मिळून जायचं असेल तर खुली कधी असते ते विचारा. पण दर वेळी सोबत जाऊ नका. तुम्ही समोर असलात तर ते तुमच्या देखत बोलण्याइतकंच बोलतील.

सर, पुन्हा तुमच्याकडे. तुमच्या गावात ग्रुप नाही, म्हणून जिल्ह्याला जाणं आलं. आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष, बाकी दिवस फोनवर. ऑनलाइन मीटिंगा मराठीतही भरतात, इअरफोन लावून गच्चीवर बसलात तर घरमालकालाही कळणार नाही. पण फोनवर भागतंय म्हणून जिल्ह्याची मीटिंग बुडवायची नाही. वर्षभर टिकलात आणि तोवर तालुक्यातला आणखी एखादा भेटला, तर पुढचं पुढे. ए.ए.च्या हिशेबात दोन माणसं जमली की ग्रुप होतो. जागेची चिंता तुम्ही करू नये, शाळेत वर्ग संध्याकाळी रिकामे असतात हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

जाताना स्टँडच्या ज्या बाजूला वाईन शॉप आहे त्या दाराने बाहेर पडू नका, तुम्हाला घ्यायला येणाऱ्याला दुसऱ्या दाराशी उभं राहायला सांगा. दुपारचं जेवण नीट करून निघा, रिकाम्या पोटी आणि दमलेल्या अंगाने आठवण जास्त येते. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा. मीटिंग साडेआठला संपली तरी बाहेर टपरीवर चहा पावणेनऊपर्यंत चालतो. नंबर तिथेच घेतले जातात, तेव्हा चहाला थांबूनही गाडी मिळेल असं बघा.